कुमानोताइराला गाडी थांबत नाही

ताकासाकीहून योकोकावाला जाणाऱ्या गाडीत शाळेच्या गणवेशातली मुलं माना टाकून झोपलेली असतात, आणि आपलं स्टेशन आलं की कुणी न उठवता उठून उतरतात. डब्यात बोलत होतो ते आम्ही दोघीच. "मावशी, जरा हळू," भाची म्हणाली. मी हळूच बोलत होते. कर्जत लोकलमध्ये जिला कुजबुज म्हणतात, तिला इथे भाषण म्हणत असावेत. मग मी खिडकीला लागले. भातखाचरं कापून झाली होती, घरांच्या अंगणात पर्सिमनची झाडं पानं गाळून नुसती केशरी फळं धरून उभी होती. इसोबे गेलं, मात्सुइदा गेलं, आणि डावीकडे म्योगी डोंगर उठला. आमच्या खंडाळ्याच्या नागफणीला दहा-बारा भावंडं असती आणि सगळी एका फोटोसाठी दाटीवाटीनं उभी राहिली असती, तर असंच दिसलं असतं.

योकोकावाला रूळ संपतात. इथून डोंगर चढून कारुइझावाला आणि पुढे नागानोकडे जाणारा मार्ग ३० सप्टेंबर १९९७ ला बंद झाला. दुसऱ्याच दिवशी नवी शिनकानसेन सुरू झाली. तिनं हा चढ दुसरीकडूनच, लांबलचक बोगद्यांतून पार केला. मधल्या अकरा किलोमीटरांत जे काही होतं त्याची गरज एका रात्रीत संपली. त्या अकरा किलोमीटरांच्या मध्यावर कुमानोताइरा नावाचं एक स्टेशन होतं. मला ते बघायचं होतं. टोकियोत निशि-कासाईला, आपल्या लोकांच्या वस्तीत राहणाऱ्या भाचीला याचं नवल वाटलं. "लोक फुजी बघायला येतात," ती म्हणाली.

पण मी कर्जतची. आमच्या गावाचं अर्धं आयुष्य घाटाच्या पायथ्याशी थांबलेल्या गाड्यांवर चाललं. पुण्याकडे जाणारी गाडी आली की मागून इंजिनं लागणार, तेवढा वेळ गाडी उभी, आणि तेवढ्या वेळात दिवाडकरांचा वडा फलाटावरून खिडकीत. बँकर हा शब्द आम्ही बँकेतल्या साहेबाआधी इंजिनाला वापरायला शिकलो. त्यामुळे जपानातही घाटाच्या पायथ्याशी असंच एक गाव आहे, तिथेही मागून इंजिनं लागायची आणि तोवर लोक खायला घ्यायचे, हे कळल्यावर मला फुजीचं काही वाटेना.

योगायोग पुढेही आहे. भोर घाट साधारण पंचवीस किलोमीटरांत १,८३१ फूट चढतो, म्हणजे ५५८ मीटर. उसुई घाट चढतो ५५३ मीटर. उंची जवळपास तीच, पण अंतर निम्म्याहून कमी. आमचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, यांचा १५ ला १. अभियंता जेम्स बर्कलेनं १८६३ मध्ये पुरा झालेल्या आमच्या घाटात खंडाळ्याखाली रिव्हर्सिंग स्टेशन काढलं होतं. गाडी डोंगराच्या सोंडेवर जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडलं जायचं आणि उरलेला चढ उलट्या तोंडानं चढायचा. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते स्टेशन बंद पडलं. आज एक्स्प्रेसवेवरून जाणाऱ्यांपैकी किती जणांना ते ठाऊक असेल? मलाही ते वडिलांनी बोट दाखवलं म्हणून माहीत.

उसुईत उलटंपालटं व्हायलाही जागा नव्हती. गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक एवढ्या चढाला घसरणारच, म्हणून दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्ट्या बसवल्या आणि इंजिनाखालच्या दातेरी चाकानं त्या दात्यांत दाते अडकवत गाडी वर ओढायची. स्विस अभियंता रोमान आब्ट याची ही युक्ती, जर्मनीतल्या हार्त्झ डोंगरात आधी वापरलेली. १ एप्रिल १८९३ ला मार्ग सुरू झाला, २६ बोगदे आणि १८ पूल घेऊन. योकोकावा स्टेशनाबाहेर पडल्यावर भाची म्हणाली, "खाली बघ." गटारावरची जाळी म्हणून त्याच दातेरी पट्ट्या शेजारी शेजारी टाकलेल्या होत्या. आपल्याकडे त्या भंगारात गेल्या असत्या, नाहीतर काचेच्या पेटीत. यांनी त्या गटारावर घातल्या, आणि एक आजी त्यावरून आपली भाजीची गाडी खडखडवत घेऊन गेल्या. मला हे फार आवडलं.

स्टेशनाच्या पुढे जिथे इंजिनांचं आवार होतं तिथे आता रेल्वेचं संग्रहालय आहे. १९६३ मध्ये दातेरी पट्ट्या गेल्या आणि ईएफ-६३ नावाची वजनदार विजेची इंजिनं आली. गाडी चढती असो की उतरती, या इंजिनांची जोडी नेहमी उताराच्या बाजूला. चढताना ढकलायचं, उतरताना धरून ठेवायचं. लोक त्यांना घाटाचे शेर्पा म्हणत. चढायला १७ मिनिटं लागत आणि उतरायला २४, कारण असल्या उतारावर खरी कसोटी चढण्याची नाही, आवरण्याची असते. हे कर्जतच्या कुठल्याही पोराला सांगावं लागत नाही.

संग्रहालयात एक गंमत आहे. शिकवणीचे पैसे भरून, परीक्षा देऊन कुणालाही खरं ईएफ-६३ चालवता येतं. आम्ही गेलो तेव्हा पन्नाशीचे एक गृहस्थ पांढरे हातमोजे घालून त्या इंजिनात बसले होते. समोर दोन-तीनशे मीटर रूळ. ते हात लांब करून सिग्नलकडे बोट दाखवत, मोठ्यानं त्याचं नाव पुकारत, मग हँडल हलवत. आमचे चालकही सिग्नल पुकारतात, पण आपल्या जोडीदाराला ऐकू जाईल इतपत. हे गृहस्थ पुकारत होते ते जणू मागे सहाशे प्रवासी बसलेत म्हणून. खाली उभी असलेली त्यांची बायको छत्री मिटून फोटो काढत होती. तिच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो मी क्रिकेट बघणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांच्या चेहऱ्यावर पाहिलेला आहे.

जुन्या रुळांच्या जागी आता पायवाट आहे, सुमारे सहा किलोमीटरांची, थेट कुमानोताइरापर्यंत. सुरुवातीला काही कळत नाही. दोन्हीकडे झाडी, वाट सरळ. पण थोड्या वेळानं पोटऱ्या बोलू लागतात. रस्ता किंवा पायरी असती तर चढ डोळ्यांना दिसला असता. रेल्वेचा चढ एकसारखा असतो, तो डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळतो. थोडं पुढे मारुयामाचं वीजकेंद्र लागतं. लाल विटांच्या दोन लांब इमारती, कमानीच्या खिडक्या, नव्यानं डागडुजी केलेलं छप्पर. १९१२ मध्ये इथून वीज सोडली गेली आणि जपानच्या सरकारी रेल्वेची पहिली विजेची इंजिनं या डोंगरात चढली.

एवढ्या लवकर या रानात वीज का आणली, त्याचं उत्तर पहिल्या बोगद्यात शिरलं की मिळतं. बोगदा विटांचा आणि छत अजून काळं आहे. कोळशाच्या इंजिनाला हा घाट चढायला सव्वा तास लागायचा, एकामागोमाग बोगदे, आणि चढती हवा धूर गाडीसोबतच वर ओढायची. चालक गुदमरायचे. म्हणून बोगद्याच्या खालच्या तोंडाशी माणूस ठेवलेला असे. गाडी आत गेली की तो तोंडावर भलामोठा पडदा ओढायचा, म्हणजे मागून वारा लागत नसे आणि धूर मागेच राही. दिवसभर रानात बसायचं, गाडी आली की पडदा ओढायचा, गेली की उघडायचा. नाटकात असा माणूस असतो, पण त्याला निदान नाटक ऐकायला मिळतं.

बोगद्यांत आता मंद दिवे आहेत. बाहेर ऑक्टोबर-अखेरचं ऊन, आत विहिरीसारखा गारवा. समोरून येणारे लोक "कोन्निचिवा" म्हणतात, प्रत्येक जण, न चुकता. गाडीत नजरेला नजर न देणारी माणसं डोंगरात आली की नमस्कार करायला लागतात. आपल्याकडे गडावर भेटलेला माणूस नमस्कारावर थांबत नाही. कुठून आलात, किती जण, वर पाणी आहे का, जेवलात का, इथपर्यंत जातो. इथे एका शब्दात काम होतं आणि पावलांचा ताल मोडत नाही. मला आधी हे कोरडं वाटलं. तिसऱ्या-चौथ्या बोगद्यानंतर धाप लागल्यावर त्यातली सोय समजली. बऱ्याच जणांच्या पाठपिशवीला घंटी बांधलेली, चालताना किणकिणणारी. जागोजागी अस्वलांपासून सावध राहण्याच्या पाट्या आहेत, त्यासाठी ती.

पाचव्या बोगद्यातून बाहेर पडलं की आपण एकदम हवेत असतो. उसुईचा तिसरा पूल, ज्याला सगळे चष्मापूल म्हणतात, चार कमानींचा, नव्वदेक मीटर लांब आणि ३१ मीटर उंच, सुमारे वीस लाख विटांचा. चार्ल्स पाउनाल हा इंग्रज आणि फुरुकावा हारुइची हा जपानी अभियंता यांनी मिळून तो आखला. वर उभं राहिलं की पूल दिसत नाही, फक्त दरी दिसते. तो बघायचा तर पायऱ्यांनी खाली रस्त्यावर उतरायचं. आम्ही उतरलो. खालून पाहताना माणूस गप्प होतो, हे खरं. पण मला बघायची होती ती वीट. जवळ जाऊन हात लावला. कोपरे अजून धारदार. खाली गाड्या लावून आलेल्या मंडळींनी भराभर फोटो काढले आणि ती निघाली. बहुतेकांना कुमानोताइरापर्यंत जायचं नसतं. पूल हे त्यांचं ठिकाण, आणि पूल आहेही तसा. पुढच्या वाटेवर गर्दी एकदम विरळ झाली. सहावा बोगदा अर्ध्या किलोमीटरहून लांब. त्याच्या छताला आणि कुशीला हवेसाठी भोकं पाडलेली आहेत, त्यांतून प्रकाशाचे तुकडे वाटेवर पडलेले होते.

दहावा बोगदा संपला आणि समोर कुमानोताइरा.

पहिल्यांदा लक्षात येतं ते हे की पोटऱ्या शांत झाल्या. जमीन सपाट आहे. एवढीच या जागेची पुण्याई. सबंध घाटात सपाटीचा हा एवढाच पट्टा, म्हणून इंजिनांना पाणी आणि कोळसा घ्यायला इथे थांबवत. मार्ग एकेरी, त्यामुळे चढती आणि उतरती गाडीही इथेच एकमेकींना वाट देत. १९०६ मध्ये याला रीतसर स्टेशनचा दर्जा मिळाला. सपाटी इतकी तोकडी की लांब गाडी तिच्यात मावतच नसे. मग डोंगरात आंधळे बोगदे खणले, ज्यांतून पलीकडे जाता येत नाही. गाडी त्यांत तोंड खुपसून उभी राहायची आणि निघताना मागे सरकून बाहेर यायची. बोगद्यांची ती तोंडं अजून ओळीनं आहेत. कुठलं खरं आणि कुठलं आंधळं हे आता बाहेरून सांगता येत नाही.

रूळ जागेवर आहेत. विजेचे खांब आहेत, वरच्या तारा आहेत, वीजकेंद्राची काँक्रीटची इमारत आहे, बुटक्या फलाटाच्या कडा आहेत. खडीतून गवत आलंय, पण रानानं गिळलं असं म्हणण्याइतकं नाही. कुणीतरी गवत कापतं. पलीकडच्या डोंगरावर मेपलची पानं लाल व्हायला लागली होती. जपानी मुलं शाळेत पानगळीचं जे गाणं शिकतात, ते ताकानो तात्सुयुकी यांना इथल्याच रंगांवरून सुचलं असं सांगतात. भाचीला ते पूर्ण येत होतं. तिच्या मुलीनं बालवाडीत म्हटलेलं.

कडेला एक लहान देऊळ आहे आणि त्याच्याजवळ आई-मुलाचा पुतळा. जून १९५० मध्ये पावसात इथला डोंगर खचला. पहिल्या दरडीनं रूळ अडले म्हणून रेल्वेची माणसं रात्रभर ते मोकळे करत होती. ९ जूनच्या सकाळी दुसरी, मोठी दरड आली. काम करणारे गेले आणि शेजारच्या क्वार्टरांत असलेली त्यांची बायकापोरंही गेली. पन्नास माणसं. मुलाला कवटाळलेली एक आई मातीखाली सापडली, पुतळा तिच्यावरून केलेला. म्हणजे या पट्टीवर लोक राहत होते. चुली होत्या, वाळत घातलेले कपडे होते. मी दोन्हीकडचे बोगदे पाहिले आणि इथली पोरं शाळेत कशी जात असतील याचा विचार करत बसले. भोर घाट बांधताना कॉलऱ्यानं हजारो मजूर गेले. त्यांच्यातल्या कुठल्या आईचा पुतळा आपण उभारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. चौथऱ्यावर कुणीतरी साकेचा छोटा पेला आणि चहाचा डबा ठेवलेला होता.

आम्ही बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. शेजारच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ भाताचे त्रिकोणी गोळे खात होते, मांडीवर रुमाल पसरून, अगदी टापटिपीनं. दशमीचा तुकडा भाचीनं पुढे केला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, निरखला, खाल्ला, आणि लगेच पिशवीतून एक मोसंबीएवढं संत्रं काढून आम्हाला दिलं. परतफेड झाल्याशिवाय त्यांना तो तुकडा पचला नसता. मग ते बोलू लागले. लहानपणी आजोळी जाताना ते या घाटातून गेले होते. इथे गाडी थांबली की फलाटावर मोची घेऊन विक्रेते यायचे, लाल चवळीच्या गोड पुरणातले तांदळाचे गोळे. चिकारा-मोची, ताकदीचे. ते अजून खाली जुन्या रस्त्याकडेच्या दुकानात मिळतात. लोणावळ्याची चिक्की घाटात राबणाऱ्या मजुरांच्या गुडदाणीतून आली असं आमच्याकडे सांगतात, ते मला आठवलं. चढ कुठलाही असो, त्याच्या वाटेवर गोड खाणं उगवतंच.

"तुम्ही कधी इथे उतरला होतात का?" मी भाचीला विचारायला सांगितलं.

ते हसले. "उतरायला इथे होतं काय? थांबायचो मात्र सगळे."

एवढं बोलून ते रुमालाची घडी करायला लागले. १९६३ मध्ये नवी इंजिनं आली, १९६६ मध्ये मार्ग दुहेरी झाला, वाट देण्याची गरज संपली आणि प्रवासी गाड्या थांबायच्या बंद झाल्या. मार्ग बंद होण्याच्या तीस वर्षं आधीच हे स्टेशन संपलं होतं. पुढची तीस वर्षं इथून फक्त गाड्या गेल्या. अमुक गाव आहे म्हणून स्टेशन, असा आपला हिशोब असतो. इथे इंजिनाला तहान लागायची म्हणून स्टेशन, स्टेशन म्हणून क्वार्टर, क्वार्टर म्हणून देऊळ आणि मोची. तहान भागली तशी एकेक गोष्ट उठून गेली. देवळाला उठून जाता येत नाही, म्हणून ते राहिलं.

उतरताना माझ्या डोक्यात कर्जतच होतं. मुंबई-सोलापूर वंदे भारत २०२३ पासून धावते. ती मागून इंजिन न लावता घाट चढते आणि आमच्याकडे थांबत नाही. भाचीला ही गाडी फार आवडते. सुट्टीत आली की तिनंच पुण्याला जाते. "मावशी, तुला काय वाटतं, लोकांनी वड्यासाठी वीस मिनिटं जास्त बसावं?" तिनं विचारलं. मी तिला म्हटलं, लोकांनी बसू नये, वेगानं जावं. पण कर्जतनं मात्र आत्तापासून विचार करावा, आपण गाडी थांबते म्हणून आहोत की आणखी कशासाठी. योकोकावानं तो केला असं दिसतं. मार्ग गेला, पण खाणं राहिलं.

ते खाणं म्हणजे घाटातली कामामेशी. ओगिनोया हे दुकान १८८५ मध्ये स्टेशनाबरोबरच सुरू झालं. १९५० च्या दशकात धंदा बसत आला, तेव्हा मालकीणबाई गाड्यांमधल्या प्रवाशांना विचारत फिरल्या की तुम्हाला खायला काय हवं. उत्तर आलं, गरम काहीतरी, घरच्यासारखं. त्या काळी डब्यातलं खाणं थंडच असे. १९५८ मध्ये त्यांनी माशिको गावच्या मातीच्या लहान हंडीत भात द्यायला सुरुवात केली. हंडी जड, आणि म्हणूनच आतलं गरम राहतं. इंजिनं जोडून गाडी सुटली की विक्रेते फलाटावर ओळीनं उभे राहून कमरेत वाकत, शेवटचा डबा जाईपर्यंत.

आता वाकायला गाडी नाही, पण दुकान भरलेलं होतं. हंडी समोर आली. भातावर कोंबडी, शिताके अळिंबी, बांबूचे कोंब, गोबो मुळाचे काप, लावीचं अंडं, एक चेस्टनट आणि एक जर्दाळू. भातात जर्दाळू बघून माझ्यातली कोकणी सुगरण जरा दुखावली. तो मी कडेला सारला आणि सगळ्यात शेवटी खाल्ला, आणि मग त्याची जागा तीच आहे हे मान्य केलं. भाताची चव आपल्या पुलावासारखी चढी नाही, सोया आणि अळिंबीच्या रसात शिजलेली, मागच्या दारानं येणारी. हंडी लोक घरी नेतात, एका माणसाचा भात तीत बरोबर शिजतो. भाचीच्या गॅलरीत अशाच एका हंडीत कोथिंबीर लावलेली आहे.

पैसे देताना गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं, कुठून आलात. भाचीनं जरा रंगवूनच सांगितलं, की मावशीचं गावही घाटाखालचं, तिथेही मागून इंजिनं लागतात, आणि तिथेही गाडी थांबली की लोक खायला घेतात. बाईंनी हातातलं काम थांबवलं.

"काय विकतात?"

"बटाट्याचा वडा. पावात घालून."

"आणि तो गरम असतो?"

"कढईतून काढलेला असतो," मी मराठीतच म्हटलं. भाचीनं ते सांगितलं.

बाईंनी समाधानानं मान डोलावली, उरलेले पैसे तबकात ठेवून दोन्ही हातांनी पुढे केले, आणि मागच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.